निळ्या टोकाचा नंबर

मी एक पेन्सिल बोलतेय. साधीसुधी नाही, दुतोंडी. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. माणसांत दुतोंडीपणा हा दुर्गुण समजतात; आमच्यात तोच पाहून लोक खरेदी करतात.

माझा जन्म लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये झाला. पट्टीत खाच पाडायची, अर्ध्या खाचेत लाल कांडी, अर्ध्या खाचेत निळी कांडी ठेवायची, वर दुसरी पट्टी चिकटवायची. म्हणजे लाल आणि निळी माझ्या पोटात पाठीला पाठ लावून झोपल्या, आणि जन्मभर एकमेकींचं तोंड बघायचं नाही अशी सोय झाली. अशी कुटुंबं पुढे मी पुष्कळ पाहिली.

तिथून मी बारा बहिणींबरोबर एका जहाज कंपनीच्या भांडारात आले. तेरावी कशी हे विचारू नका. मोजणाऱ्याचं लक्ष नव्हतं. त्या भांडाराचा नियम कडक होता. जुन्या पेन्सिलीचं थोटूक दाखवा, तरच नवी मिळेल. भांडारपाल प्रत्येक थोटूक पट्टीला लावून मोजायचा आणि वहीत लिहायचा.

एके दिवशी सकाळी एक काटकुळे गृहस्थ खिडकीशी आले आणि त्यांनी चांगली अर्धी पेन्सिल पुढे ठेवली. लाल बाजू पार संपलेली, निळी बाजू कारखान्यातून आली तशी.

"भाऊसाहेब, ही अर्धी शिल्लक आहे," भांडारपाल म्हणाला.

"लाल संपलंय."

"निळं आहे की."

"निळ्यानं चूक दाखवता येत नाही."

"मग बरोबर दाखवा."

"त्याची कधी गरज पडत नाही," भाऊसाहेब म्हणाले, आणि मला घेऊन गेले.

जाता जाता मी बघितलं. खिडकीखालच्या खणात अशाच निळ्या अर्ध्या पेन्सिली पडल्या होत्या, तीसचाळीस तरी असतील. त्या खोक्यांवर नंबर घालायला पाठवत. माझं भविष्य मला पहिल्याच दिवशी दिसलं. ज्योतिषाचा खर्च वाचला.

भाऊसाहेबांचं काम इंग्रजी सुधारण्याचं. कंपनीतून बाहेर जाणारं प्रत्येक इंग्रजी पत्र आधी त्यांच्या टेबलावर यायचं आणि माझ्या लाल टोकाखालून जायचं. माघारी त्यांना सगळे 'रेघोटे' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण प्रत्येकाचं पत्र कधी ना कधी त्यांच्या टेबलावर यायचंच.

त्यांच्या कामाला हसू नका. गरजेचं काम होतं ते. लोक विचार घरच्या भाषेत करायचे आणि शब्द तेवढे इंग्रजी घालायचे. एकदा भाऊसाहेब रजेवर असताना एक पत्र तसंच गेलं. गोदामवाल्याने हात वर केले, एवढंच लिहिणाऱ्याला सांगायचं होतं. त्याने ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत घातलं. पलीकडून जहाजाच्या कप्तानाने तातडीने विचारलं की दरोडेखोर किती होते आणि कुणाला इजा तर झाली नाही ना. त्यानंतर भाऊसाहेबांना रजा मिळेनाशी झाली, आणि त्यांनीही ती मागितली नाही.

त्यांची खोडण्याची एक रीत होती. पट्टी लावून एकच सरळ रेघ. गिरगटायचं नाही. खोडलेलं खालून स्वच्छ वाचता आलं पाहिजे, सुधारलेलं वर लिहायचं, समासात सही. "उद्या कुणी विचारलं काय खोडलंत, तर दाखवायला नको?" असं ते नवीन कारकुनांना सांगत. मग कच्चा कागद भोक पाडून, दोरी ओवून फायलीत जायचा. एकही कच्चा कागद त्यांनी कधी फेकला नाही. कुणी विचारायला आलंही नाही, ती गोष्ट वेगळी.

पण त्यांचा एक दोष मला जवळून कळला, कारण तो माझ्याच अंगातून उतरायचा. भाऊसाहेबांजवळ इंग्रजीची पंधरावीस वाक्यं होती. धुतलेली, इस्त्री केलेली, निर्दोष. कुणीही कसलंही पत्र घेऊन आलं की त्यातलं एक वाक्य ते त्याच्या अंगावर चढवत. मापाचं असो नसो. पत्र बुडालेल्या मालाचं असो की मेलेल्या माणसाचं, माझ्या टोकाखालून गेल्यावर दोन्ही सारखीच दुःखी दिसत.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांच्या खिशात होते. नियमाप्रमाणे मला जमा करायला हवं होतं. भांडारपालाने मला खिशातून डोकावताना स्वच्छ पाहिलं, आणि मग तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. भाऊसाहेबांच्या सगळ्या नोकरीतला तो एकमेव अपहार, आणि तो म्हणजे मी.

घरी आल्यावर पहिला आठवडा मला उसंत नव्हती. औषधाचे कागद, गिझरची माहितीपुस्तिका, मिठाची पुडी, साबणाचं वेष्टण, जिथे इंग्रजी दिसेल तिथे लाल रेघ. त्यांच्या पत्नी, म्हणजे घरातल्या सासूबाई, शेजारणीला म्हणाल्या की यांना आमटीत मीठ नसलं तर चालतं, पण मिठाच्या पुडीवर चूक असलेली चालत नाही.

मग इमारतीत बातमी पसरली. कुणी नोकरीचा अर्ज घेऊन येऊ लागलं, कुणी घरमालकाला लिहिलेली तक्रार. भाऊसाहेब बाहेरच्या खोलीत टेबल मांडून बसू लागले. निवृत्त माणसाला कुणी काही विचारलं की त्याचं वय उतरतं. त्यांचं दहा वर्षांनी उतरलं. माझी उंचीही त्याच मानाने उतरत होती.

त्या घरात एक सूनबाई होत्या. भाऊसाहेबांचा मुलगा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीपाळीने कामाला, आणि सूनबाई मोठ्या इस्पितळातल्या प्लास्टरच्या खोलीत. मोडलेले हातपाय प्लास्टरमध्ये घालायचे, जुळले की प्लास्टर कापून काढायचं. घरी यायच्या तेव्हा कानामागे, कोपरावर पांढरी भुकटी राहिलेली असायची. बोलायच्या मोजकं. इंग्रजी तर सासऱ्यांसमोर एक अक्षर नाही. उघड्या दारातून आत जाताना माणूस उंबऱ्याकडे बघतो, तशा त्या प्रत्येक इंग्रजी शब्दाआधी थांबायच्या.

एका संस्थेत कृत्रिम हातपाय बनवायला शिकवत. वर्षाचा अभ्यासक्रम, जागा थोड्या. सूनबाईंना तिथे जायचं होतं. प्लास्टरच्या खोलीत दुरुस्त होणारी माणसं यायची, आणि दुरुस्त न होणारीही. दुरुस्त न होणाऱ्यांना 'आता पुढच्या खोलीत जा' असं सांगून सूनबाई कंटाळल्या होत्या. त्या पुढच्या खोलीत आपण असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. तीन वर्षं होतं. अर्जासोबत एक पान इंग्रजीत मागितलं होतं: हे काम तुम्हाला का करायचं आहे, स्वतःच्या शब्दांत लिहा.

"स्वतःच्या शब्दांत म्हणजे चुका न करता," भाऊसाहेबांनी समजावून सांगितलं, आणि मला हातात घेतलं.

पानभर मजकूर होता. तुटकतुटक. क्रियापदं एकमेकांशी भांडलेली. मध्ये एका सुताराची हकिकत होती, ज्याचा डावा हात कोपरावर गेला होता. सूनबाईंनी मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: माणूस पूर्ण आहे, पण त्याचा शर्ट त्याला रोज सकाळी अर्धा म्हणतो.

भाऊसाहेबांनी पट्टी लावली. रेघ निम्म्यावर आली आणि माझं टोक मोडलं. मी मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. आम्हा पेन्सिलींना मुद्दाम काही करता येत नाही. पण मोडले खरी. त्यांनी ब्लेडने मला तासलं आणि राहिलेली अर्धी रेघ पूर्ण केली. वर इस्त्रीचं वाक्य आलं: अपंगांच्या पुनर्वसनाविषयी मला मनापासून आस्था आहे. पान संपेपर्यंत प्रत्येक ओळीवर असंच एकेक चढलं.

"हे एक वाक्य राहिलं असतं तर?" सूनबाई हळूच म्हणाल्या.

"शर्ट बोलत नाही, सूनबाई."

"तो बोलतो, बाबा."

भाऊसाहेब हसले. प्रेमाने हसले, हे सांगायला हवं. त्यांच्या मनात सुनेचं भलंच होतं. माणसाला भलं करताना अडवणं फार कठीण. सूनबाईंनी सुधारलेलं पान सुबक अक्षरात उतरवलं. कच्चा कागद दोरी ओवून फायलीत गेला.

चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या एक्सरेताई आल्या. त्याच इस्पितळात फोटो काढायच्या, सूनबाईंच्या मैत्रीण. त्यांनाही त्याच संस्थेत जायचं होतं. दोघींना एकमेकींचा अर्ज ठाऊक होता, पण जागा थोड्या म्हटल्यावर कुणी कुणाला पान दाखवलं नव्हतं. एक्सरेताईंनी लिहिलं होतं: हाड कुठे संपतं ते मी रोज बघते, तिथून पुढे काय सुरू होतं ते मला बघायचंय. इंग्रजी सूनबाईंपेक्षा बरं, पण भाऊसाहेबांच्या मते 'हाड संपतं' हे काही बरोबर नव्हतं. पट्टी लावली, रेघ ओढली. वर काय लिहिलं असेल ते आता तुम्हीही सांगाल.

दीड महिन्याने दोघींना एकाच दिवशी एकसारखी दोन पत्रं आली. संस्थेने लिहिलं होतं की एकाच इस्पितळातून आलेल्या दोन अर्जांची पानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सारखी आहेत. मागितलं होतं स्वतःच्या शब्दांत. दोन्ही अर्ज बाजूला ठेवले आहेत. खुलासा करायचा असल्यास पंधरा दिवसांत करावा. नाहीतर नक्कल केली असं समजून पुढेही अर्ज घेतला जाणार नाही. पत्राची एक प्रत इस्पितळाला गेली होती.

जिन्यात दोघींची गाठ पडली. दार उघडं होतं, मी टेबलावर होते, सगळं ऐकलं. आरडाओरडा झाला नाही. तो झाला असता तर बरं होतं.

"प्लास्टरवाल्यांना ठसा घ्यायची सवयच असते," एक्सरेताई म्हणाल्या.

"आणि एक्सरेवाल्यांना दुसऱ्याच्या आतलं बघायची," सूनबाई म्हणाल्या.

पाच वर्षांची मैत्री त्या दोन वाक्यांत आटोपली. पुढच्या दिवसांत सूनबाई घरी आल्या की हात धुऊन सरळ आतल्या खोलीत जायच्या. इस्पितळात लोक त्या आल्या की बोलणं थांबवायचे. प्लास्टरच्या खोलीचे प्रमुख म्हणाले होते की पुन्हा कुठल्या अर्जावर सही करायच्या आधी आपल्याला विचार करावा लागेल. हे सूनबाईंनी जेवताना सासूबाईंना सांगितलं, ताटाकडे बघत. जागा गेली त्याचं नाही, पण मला चोर म्हणतात, एवढंच म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी संस्थेचं पत्र मागवून घेतलं. चष्मा लावला. मला उचललं. दुसऱ्याच ओळीत त्यांना एक स्वल्पविराम कमी सापडला आणि त्यांचा चेहरा उजळला. तो त्यांनी लाल रंगात भरला. मग आणखी एक चूक शोधली.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "घर जळतंय, आणि तुम्ही धुराचं शुद्धलेखन तपासताय," त्या म्हणाल्या. मग उठल्या, खाली गेल्या, आणि एक्सरेताईंना मनगटाला धरून वर घेऊन आल्या. सूनबाईंना आतून बोलावलं. "दोघींची पानं यांच्यासमोर ठेवा. पोटात ठेवून कुजवू नका."

अर्जाच्या प्रती दोघींकडे होत्या. त्या टेबलावर शेजारी शेजारी आल्या. भाऊसाहेबांनी एक वाचली, मग दुसरी वाचली. मग पुन्हा पहिली. वाचताना ओठ हलायचे त्यांचे. दुसऱ्या पानाला ओठ हलायचे थांबले, कारण मजकूर पाठ होता. मी त्यांच्या बोटांत होते. त्यांनी मला खाली ठेवलं.

"दोन्ही माझी आहेत," ते म्हणाले.

दोघी मैत्रिणी एकमेकींकडे न बघता बघत होत्या. मग एक्सरेताईंना हसू आलं, ते आवरता आवरता डोळे भरले, आणि सूनबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. समेट म्हणून एवढंच झालं. पुरलं.

खुलासा लिहायला बसायचं ठरलं तेव्हा पंधरापैकी नऊ दिवस गेले होते. भाऊसाहेबांनी कागद घेतला. आयुष्यात हजारो पत्रं सुधारलेल्या माणसाला हे पत्र येईना. चूक झाल्याचे निदर्शनास आले आहे, असं एक वाक्य त्यांच्या साठ्यात होतं. कुणाकडून झाली ते त्यात नव्हतं. दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे, असंही होतं. कोण व्यक्त करत होतं, ते नव्हतं. चार कागद झाले, चारही त्यांनीच माझ्याने खोडले. पट्टी लावून.

सूनबाईंनी चौथा कागद उचलून वाचला. "बाबा, हे कोण बोलतंय?"

"कार्यालय."

"ते तर मागेच सुटलं तुमचं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पाचवा कागद घेतला आणि शाळेतल्या मुलासारखं वाकून लिहायला लागले. छोटी छोटी वाक्यं. या दोघींनी नक्कल केलेली नाही. दोघींनी वेगवेगळं लिहिलं होतं. मी त्यांचे शब्द काढून माझे घातले. दोघींना तेच घातले, कारण माझ्याजवळ तेवढेच आहेत.

कागद त्यांनी सुनेपुढे केला. "तपास," म्हणाले.

सूनबाईंनी वाचला. शेवटच्या वाक्याशी थांबल्या. मग मला उचलून त्यांनी उलटं केलं आणि बघतात तर काय, निळं टोक कारखान्यातून आलं तसं, सपाट. ते कधी कुणी तासलंच नव्हतं. त्यांनी मला सासऱ्यांपुढे धरलं. भाऊसाहेबांनी ब्लेड घेतलं आणि हळूहळू तासलं, लाकडाचे बारीक कपटे कागदावर पडू दिले. पहिल्यांदा मला त्या बाजूने उजेड लागला.

सूनबाईंनी शेवटच्या वाक्याशेजारी समासात एक उभी निळी रेघ ओढली. "हे असंच राहू द्या, बाबा."

त्या वाक्यात एक चूक होती. घाईत राहिलेली. भाऊसाहेबांना ती आता दिसली. मला कळलं, कारण त्यांचा हात माझ्याकडे आला. मग तो हात परत गेला आणि कपटे गोळा करू लागला.

नुसत्या पत्राने कोण विश्वास ठेवणार? पण फाईल होती. भाऊसाहेबांनी दोरी सोडली आणि दोघींचे कच्चे कागद बाहेर काढले. प्रत्येक ओळीवर लाल रेघ, आणि प्रत्येक रेघेखाली त्यांचे स्वतःचे शब्द स्वच्छ वाचता येत होते. शर्ट बोलत होता. हाड संपत होतं. काय खोडलंत असं विचारणारा शेवटी भेटला होता, आणि दाखवायला कागद होता. पाकीट सासूबाईंनी चिकटवलं. वरचा पत्ता कुणी तपासू नये, असंही बजावलं.

संस्थेने दोघींना बोलावलं. समोर बसवून पुन्हा एक पान लिहायला दिलं. कार्यशाळेचे प्रमुख म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्यापुढे सूनबाईंचा तो लाल रेघांचा कागद होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला: तो शर्ट कसा होता?

"चौकड्यांचा," सूनबाई म्हणाल्या. "डावी बाही दुमडून टाचणीने लावलेली. टाचणी रोज नव्या जागी." हे सगळं इंग्रजीत म्हणाल्या, आणि कसं म्हणाल्या ते त्यांना घरी आल्यावरही आठवेना. घाई होती म्हणे, उंबरा बघायला वेळ झाला नाही.

त्यांना जागा मिळाली. एक्सरेताईंचा नंबर शेवटच्या जागेच्या लगेच नंतर लागला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहेत. पान लिहायला घेतलंय, रोज दोन ओळी वर आणून दाखवतात. भाऊसाहेब ऐकतात आणि आधी विचारतात, तुला म्हणायचं काय आहे? या प्रश्नाची त्यांना अजून सवय नाही. विचारून झालं की दमतात.

त्यांनी लाल सोडलं असं समजू नका. गोदामवाल्यांचे हात अजून वर जातात, आणि ते खाली आणायला कुणीतरी हवंच. पण आता पान आलं की आधी मला उलटं धरतात. पानभर शोधून एखादं तरी निळं लावतात. कधीकधी शोधायला वेळ लागतो. शेवटच्या महिन्यात लालपेक्षा निळं जास्त झिजलं. भांडारपालाने ऐकलं तर वहीत लाल शाईने लिहील.

सूनबाई अभ्यासक्रमाला निघाल्या त्या दिवशी भाऊसाहेबांनी मला एका जुन्या पेनाचं टोपण घातलं आणि त्यांच्या पिशवीत टाकलं. "तुझ्या कामी येईल," एवढंच म्हणाले. नवी पेन्सिल त्यांनी बाजारातून आणली. थोटूक न दाखवता मिळाली याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

आता मी अंगठ्याएवढी उरलेय. लाल संपलं, जिथे लाल आणि निळं पाठीला पाठ लावून झोपलेली होती, तिथवर लाकूड झिजलंय. मी कार्यशाळेत असते. कृत्रिम पाय नीट बसावा म्हणून माणसाच्या उरलेल्या पायाचा साचा प्लास्टरमध्ये ओततात आणि मग तो तासून बेताचा करतात. तासायच्या आधी सूनबाई साच्यावर हात फिरवतात आणि काही जागांभोवती निळा गोल काढतात. त्या गोलाच्या आत कानस लावायची नाही. तिथे त्या माणसाचं स्वतःचं हाड आहे.

इथल्या भांडारातही थोटूक जमा करायचा नियम आहे. खिडकीवरच्या बाईंनी परवा मला मागितलं. सूनबाई म्हणाल्या, ही नाही देणार. म्हणजे अपहार आता घराण्यात उतरला.

माझे आणखी वीसपंचवीस गोल होतील, फार तर. त्याचं दुःख नाही; खोक्यांवर नंबर घालण्यापेक्षा हे बरं. जाता जाता एकच विनंती. तुमच्याही खिशात, खणात, चष्म्याच्या डबीत माझी एखादी बहीण पडलेली असेल. तिला एकदा उलटी करून बघा. निळं टोक तासलेलं आहे का?

नसेल, तर ब्लेड जवळच असेल.